सत्यवतीबाईंच्या चौदा वाट्या

सुंदरबन लेआऊटमध्ये बन नव्हतं, आणि सुंदर म्हणावं असं काही अजून व्हायचं होतं. पाच वर्षांमागे तिथे तूर उभी असायची. बडनेरा रोडवरून आत वळलं की आता आधी एक कमान लागते, मग सिमेंटचा रस्ता, मग एकाला एक लागून चाळीसेक ड्युप्लेक्स घरं आणि मधोमध ओपन स्पेस म्हणून सोडलेला एक चौकोन, त्यात तीन बाकं. उरलेल्या रिकाम्या प्लॉटांवर पावसाळ्यात अजूनही तुरीची चार रोपं आपली आपण उगवून येतात आणि लोक त्यांना तण समजून उपटून टाकतात. सत्यवतीबाई दिवाळीत इथे राहायला आल्या तेव्हा अशी तीन झाडं वाचली होती. त्यांनी ती पौषापर्यंत राखली आणि घरच्यांना ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी खाऊ घातली. लेआऊटमध्ये त्यांना आवडलेली तेवढी एकच गोष्ट होती.

बाई नांदगाव खंडेश्वरकडच्या. विहिरीखाली अडीच एकराचा मळा, त्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेने झेंडू. चाळीस वर्षं नांदगावच्या बाजारात त्यांची बसायची जागा ठरलेली होती आणि त्यांच्याशी भाव करताना भलेभले घाम पुसायचे. मग नवऱ्याचे, भगवंतरावांचे, गुडघे गेले, मळा पुतण्याने बटईने, निम्म्या वाट्यावर, कसायला घेतला आणि मुलगा श्याम दोघांना अमरावतीला घेऊन आला. श्याम सकाळच्या गाडीने अकोल्याला नोकरीवर जातो, संध्याकाळी परततो. सून गीतांजली शाळेत शिकवते. नात प्रतीक्षा पहिलीत आहे. घरात भांडण नाही, दुखणं नाही, नळाला पाणी बरं येतं. तक्रार करायला तशी जागाच नव्हती, आणि त्यामुळे बाईंना जास्तच चडफडायला होई.

भगवंतरावांचं काय, त्यांना बाक पुरलं. पंधरा दिवसांत त्यांनी चार पेन्शनवाले गाठले, रोज संध्याकाळी कपाशीच्या भावापासून नातवंडांच्या लग्नापर्यंत सगळं निकालात काढू लागले. सत्यवतीबाईंचं मात्र घोडं दारातच अडलं. इथल्या प्रत्येक घराला आधी लोखंडी दार, मग जाळीचं दार, मग लाकडी दार, आणि त्यावर बेल. त्यांच्या स्वतःच्या घरची बेल तर बोलायची. कुणी बटण दाबलं की आतून एक बाई गोड आवाजात म्हणे, "कृपया दरवाजा खोलिए." पहिल्याच दिवशी सत्यवतीबाईंनी तिला उत्तर दिलं होतं, "खोलतो माय, दम धर." नात तीन दिवस हसत होती.

गावात त्या कुणाच्याही घरी चुलीपर्यंत जात. दारातून हाक मारायची आणि हाक संपायच्या आत आत पोचायचं. इथे बेल वाजवली की जाळीआडून चेहरा यायचा, "काही काम होतं का काकू?" असं विचारायचा. काम नसायचं. "नाही, असंच," म्हटलं की समोरचा चेहरा अजूनच गोंधळायचा. बाई परत यायच्या आणि देवासमोरची समई दुसऱ्यांदा घासायच्या.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पोळी लाटता लाटता नवऱ्याला सांगून टाकलं. "आखाजीपर्यंत पाहातो मी. या लेआऊटात चार घरं अशी भेटली पाह्यजे, की बेल न वाजवता मले आत जाता येईन. नाही भेटली, तं आखाजीच्या दिवशी सायंकाळच्या बसनं आपण नांदगावले."

"अन् माहे गुडघे?" भगवंतरावांनी विचारलं.

"गुडघे काय इथं ठेवून जाचे हायत? सोबतच येतीन न."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, जेमतेम महिन्यावर. गीतांजली तिथेच होती. तिचा हात डब्यावर थांबला. सासू नको असलेल्या सुना पुष्कळ असतात. गीतांजली त्यांतली नव्हती. अकोल्याच्या तिच्या माहेरी आई नव्हती, आणि या सहा महिन्यांत शाळेतून आल्यावर "काय खाल्लं वं दुपारी?" असं विचारणारं कुणी घरात असण्याची तिला सवय झाली होती. बाई शब्दाच्या पक्क्या आहेत हेही तिला ठाऊक होतं. तिने त्या रात्री श्यामला सांगितलं, तो म्हणाला, "आई नुसती बोलते तशी." ती म्हणाली, "आई बोलते तसं करते."

चैत्र पुढे सरकला आणि ऊन तापायला लागलं. गावात हे दिवस सरगुंड्यांचे. बन्सी गव्हाचा रवा रात्री भिजवायचा, सकाळी मळून मऊ करायचा, बोटांनी सुतासारखी लांब वळी काढायची आणि बारीक काडीवर गुंडाळत न्यायची. उन्हात वाळली की काडी हळूच ओढून घ्यायची. आखाजीला हेच पोकळ सरगुंडे शिजवून आंब्याच्या रसात खायचे. हे काम एकटीचं नाही. एका घरी दहा-बारा जणी जमतात, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे, आणि असा सगळा मोहल्ला उरकतो. बोलावण्याचीही एक रीत होती त्यांच्या गावात. मागच्या वर्षीचे मूठभर सरगुंडे प्रत्येकीने मुद्दाम राखून ठेवलेले असत. आदल्या दिवशी ते वाटीत घालून घरोघर न्यायचे. जिने वाटी ठेवून घेतली ती उद्या येणार. येताना वाटी घेऊन येणार. तोंडाने फार बोलायचं नाही, वाटी बोलते.

सत्यवतीबाईंनी पुतण्याकडून गहू मागवले, पेटीतले जुने सरगुंडे काढले आणि गीतांजली शाळेत गेल्यावर तिच्या लग्नातल्या डिनर सेटच्या चौदा वाट्या भरल्या. आपली ओळ आणि समोरची ओळ, मिळून चौदा घरं. भर अकराच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन त्यांनी चौदा बेली वाजवल्या. "उद्या सकाळी सातले, आमच्या गच्चीवर. सरगुंडे हायत. येजा बरं," एवढं बोलून पुढच्या दारी. आणि नवल असं, की चौदाही घरांनी वाटी ठेवून घेतली. बाई परत आल्या त्या जवळजवळ उड्या मारत. त्यांनी दोन पायल्या रवा भिजवला.

आता इथे खरी गोम होती. या नव्या वस्तीत कुणी दारावर येऊन खायची वस्तू हातात देतं ते एकाच कारणासाठी. मागच्याच महिन्यात एक जण असाच लोणच्याचा नमुना देऊन गेला होता, त्याआधी एकजण मसाल्याचा. शेजारच्या प्रणालीने, बँकेतल्या नोकरीतून बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या, दोन सरगुंडे शिजवून पाहिले आणि लेआऊटच्या बायकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. "प्लॉट चौदाच्या काकू घरगुती सरगुंडे करून देताहेत. सॅम्पल एक नंबर! उद्या सकाळी सातला त्यांच्या गच्चीवर, आपापले डबे घेऊन जा." त्याखाली अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणी अर्धा किलो लिहिलं, कुणी एक, कुणी विचारलं कुरडया पण करतात का.

गीतांजलीने हे सगळं शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं. घरी आली तर जेवायला वाढायला एक वाटी नाही, आणि सासूबाई गच्चीवर जुनी लुगडी अंथरून, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवत, गुणगुणताहेत. सहा महिन्यांत तिने त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. ती फोन हातात घेऊन पायरीवर उभी राहिली. खरं लिहावं ग्रुपवर, की विकायचं नाही, कामाला यायचंय? मग कोण येणार? की आईंना सांगावं? तिने दोन्ही केलं नाही. "आई, रवा पुरन न?" एवढंच विचारलं आणि खालून आणखी एक परात आणून दिली.

सकाळी सातला अकरा जणी आल्या. कुणी फिरून आल्या त्या तशाच बुटांत, कुणी गाउनवर ओढणी घेऊन, आणि प्रत्येकीच्या हातात स्टीलचा डबा. डबे पाहून बाईंना वाटलं, शहरातल्या बायका वाटीऐवजी डबे आणत असतील. त्या फुलून गेल्या. "बसा, बसा न," म्हणत त्यांनी सगळ्यात पुढे असलेल्या आरतीच्या हातावर मळलेल्या रव्याचा गोळा ठेवला. आरती समोरच्या घरातली, तिचा नवरा श्यामच्याच गाडीने अकोल्याला जायचा.

आरती गोळ्याकडे पाहत राहिली. "काकू, हे ओलं हाय. तयार असन ते द्या न. मले डबा कराचा हाय आजून."

"हो ना," प्रणाली म्हणाली, "अन् किलोचा भाव काय ठेवला काकू?"

"भाव?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "कायचा भाव?"

खाली कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता. अकरा जणींच्या अकरा डब्यांकडे बाईंनी एकेक करून पाहिलं आणि मग त्यांना सगळं कळलं.

आयुष्यभर वांगी विकलेल्या बाईला विकायची लाज कशी वाटेल? ती नव्हतीच. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा माणसं दारात आली, आपण त्यांची वाट पाहत रात्रभर कूस बदलली, आणि ती आली होती ती गिऱ्हाईक म्हणून. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आत्ताच्या आत्ता लुगडी गुंडाळावीत आणि दहाची बस गाठावी असं वाटलं. आखाजीची वाट तरी कशाला पाहायची?

"मी इकाले नाही बसली बाई," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "इकाचं असतं तं बाजारात बसली असती. मी तुमाले बलावलं होतं. आमच्याकडे वाटी ठेवून घेतली म्हणजे येते म्हणून सांगतलं असते. मिळून करतेत सरगुंडे. आज माह्याकडे, उद्या तुमच्याकडे. तुमाले नाही माईत, तुमचा काय दोष?"

प्रणालीचा चेहरा लाल झाला. दोघी-तिघींनी घड्याळ पाहिलं. आरती तर पायरीकडे सरकलीच होती. "सॉरी काकू, मले टाइम नाही न," म्हणत ती उतरली आणि तिच्यामागे आणखी तिघी. गीतांजली पाण्याचा तांब्या घेऊन वर आली होती, ती भिंतीला टेकून उभी राहिली. आपण सांगायला हवं होतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तेवढ्यात पायरीवर धापा टाकत माणिकबाई आल्या. टोकाच्या घरातल्या, मूर्तिजापूरकडच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. लेआऊटमध्ये त्या कुणाशी फारसं बोलत नसत. त्यांच्या हातात डबा नव्हता. घासून लख्ख केलेली वाटी होती आणि तिच्यात गुळाचा खडा.

"रिकामी वाटी परत कराची नसते," त्या म्हणाल्या. "माही माय असंच पाठवे. मले उशीर झाला जी, गुडघे चढू देत नाहीत. एखादा पाट द्या, खाली बसवत नाही मले."

सत्यवतीबाईंनी वाटी घेतली. गुळाचा खडा तोंडात टाकला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. पाट आला. माणिकबाईंनी काडी उचलली, गोळ्यातून वळी ओढली, ती तुटली. पुन्हा ओढली. "तीस साल झाले," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनं दिले हातानं, सरगुंडे नाही केले." तिसऱ्या वेळी वळी निघाली, लांब आणि सारखी.

ते पाहून प्रणालीने बूट काढले आणि मांडी घातली. तिच्यामागे बाकीच्या सहा जणी. प्रणालीचा पहिला सरगुंडा स्क्रूसारखा झाला. "असू दे, रसात गेला की सारे सारखेच," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा सगळ्या मोकळ्या हसल्या. तासाभरात काड्या संपल्या. आता? आठांनी आठ उपाय सुचवले. शेवटी साधना म्हणून एक जण घरी पळाली आणि स्वेटर विणायच्या बारा सुया घेऊन आली. सुयांवरचे सरगुंडे इतके सुरेख निघाले की सत्यवतीबाईंनी त्या उन्हात वर धरून दोनदा पाहिल्या. हात चालू झाले तशी तोंडंही चालू झाली. कुणाच्या भिंतीला काळ्या मातीने तडा गेला, कुणाचा नवरा घरून काम करतो आणि दर तासाला चहा मागतो, कुणाची सासू वरुडहून संत्र्यांची पेटी पाठवते पण स्वतः येत नाही. रोज ग्रुपवर एकमेकींना सुप्रभात म्हणणाऱ्या बायकांना एकमेकींच्या घरात किती माणसं आहेत हे त्या दिवशी कळलं.

दहा वाजता उन्हाने सगळ्यांना खाली हाकललं. जाताना सत्यवतीबाईंनी सवयीने विचारलं, "उद्या कोणाकडे?"

दोघी-तिघी पायरीवरच थांबल्या. मग माणिकबाई म्हणाल्या, "माह्याकडे. मुगाचे पापड कराचे हायत."

परवा प्रणालीकडे ठरलं, तेरवा साधनाकडे. लेआऊट तसा तीन आठवडे गच्च्यांवर राहिला. गेलेल्या चौघींपैकी तिघी हळूहळू परतल्या, वाट्या घेऊन, आणि कुणीही वाटी रिकामी आणली नाही. जे त्या दिवशी आलेच नव्हते त्यांच्याकडच्याही वाट्या पोचल्या. तेरा वाट्या गीतांजलीने कपाटात लावल्या. चौदावी आरतीकडे होती. आरती रस्त्यात भेटली की मान खाली घालून भराभरा जायची. बाईंनी मागितली नाही. मागायची नसतेच.

असं करता करता आखाजी आली. सकाळी नवी घागर भरली, पितरांना घास दिला, दुपारी आमरस आणि सरगुंड्यांचं जेवण झालं. श्यामने तिसऱ्यांदा रस घेतला. जेवणानंतर भगवंतरावांनी पानाला चुना लावत विषय काढला. त्यांना आठवण होतीच, आणि बायकोला चिडवायची अशी संधी ते सोडणारे नव्हते.

"मोज बरं. किती घरं झाले बिनबेलचे?"

"माणिकबाई," बाईंनी बोट मोडलं. "प्रणाली. साधना." आणि त्या थांबल्या. बाकीच्या घरी त्या जात, बसत, चहा घेत, पण बेल वाजवूनच. एका घरी कुत्रा होता, एका घरी सासरा दिवसा झोपायचा. खोटं बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"तीन," भगवंतराव म्हणाले. "चार म्हणली होती तू. बस साडेपाचले हाय. पिशवी भरू काय?"

ते हसत होते, पण गीतांजली हसत नव्हती. ती ओट्याशी भांडी लावत होती आणि तिने मागे वळून पाहिलं. सत्यवतीबाईंनाही हसू येईना. जायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट कळलं, आणि शब्द तर दिलेला. "पडतो जराशी मी. मंग पाहू," म्हणून त्या बाहेरच्या खोलीत चटईवर आडव्या झाल्या. गीतांजली वर गेली. भगवंतराव खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन बसले.

पाचेक मिनिटांनी दार वाजलं नाही, बेल बोलली नाही. जाळीचं दार नुसतं कुरकुरलं. कुणीतरी चपला काढल्या आणि अनवाणी, घाईघाईने, चटईला वळसा घालून स्वयंपाकघरात शिरलं. बाईंनी डोळे किलकिले केले. आरती होती. तिच्या हातात वाटी होती, ती चौदावी. काल संध्याकाळपासून तिच्याकडे अकोल्याचे पाहुणे होते, हे साऱ्या लेआऊटला माहीत होतं. आत फळीवरचा डबा सरकला. झाकण उघडलं. दुसरा डबा उघडला. स्वतःशी पुटपुटणं चालू होतं.

"ते कुरडयाचे हायत वं," सत्यवतीबाई पडल्या जागेवरून म्हणाल्या. "सरगुंडे खालच्या फळीवर, पिवळ्या डब्यात. अन् वाटीनं काय होते? पातेलं भर."

आत झाकण खणकन पडलं. "झोपल्या होत्या न काकू, म्हणून बेल नाही वाजवली," आरतीचा आवाज आला. "पाहुण्यायले रस वाढला, अन् सरगुंडे पुरले नाहीत. त्या दिवशीचं..."

"त्या दिवशीचं राहू दे. पाहुणे ताटावर बसले असतीन न तुह्या घरी? जा लवकर."

भगवंतरावांनी पेपर बाजूला केला. "हे मोजाचं नाही," ते म्हणाले. "तुले जाता आलं पाह्यजे, असं ठरलं होतं. हे तं ती आली."

"मंग?" बाईंनी कूस बदलली. "आपल्याच घरात कोणी असं आलं नव्हतं दिवाळीपासून."

आरती पातेलं पदराखाली घेऊन बाहेर निघाली आणि दारापाशी अडखळली. इथल्या रीतीप्रमाणे तिने बाहेरून हात घालून जाळीच्या दाराची आतली कडी सरकवायला सुरुवात केली.

"राहू दे वं ते," सत्यवतीबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "नुसतं लोटून जाजो."